खाचरातल्या बाईचा घास

घरात खून झाला की कुशाबाईंना तो पहाटेच कळायचा.

त्यांची सून इंद्रायणी रोज चारला उठून शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर लिहायला बसे. एरवी साडेपाचला कुशाबाई तुळशीला पाणी घालून, पाठ असलेला हरिपाठ पुटपुटत आत येत आणि सुनेच्या हाताशी चहाचा कप ठेवत. पण ज्या दिवशी कादंबरीत कुणी मरे, त्या दिवशी इंद्रायणी आपणच उठून चहा टाकी. ओट्याला टेकून, कुणाशी न बोलता एक कप पिई आणि लगेच दुसरा ओती. दुसरा कप ओतला की कुशाबाई समजून जात. देव्हाऱ्यातली समई जरा सारखी करून त्या हळूच विचारत, "कोण गेलं गं?"

"पोल्ट्रीवाल्याचा मेहुणा, आत्या."

"कशानं?"

"कोयत्यानं."

"अरारा. लेकरंबाळं व्हती का?"

"दोन मुली."

मग कुशाबाई उगाच पदर डोळ्याला लावत आणि इंद्रायणी हसून डबा भरायला लागे.

अवसरी खुर्दला त्यांची बटाट्याची आणि कांद्याची शेती. कुशाबाईंचा मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत, पाळीपाळीनं कामावर. इंद्रायणी घोडेगावला सरकारी कचेरीत, जुन्या कागदांच्या खोलीत. रोज सकाळी स्कूटीवरून जायचं आणि दिवसभर धुळीचे गठ्ठे सोडायचे. कुणाच्या आज्याच्या नावची नोंद, कुणाच्या बांधाचा फेरफार शोधून द्यायचा. डोंगरातून दोन बस बदलून आलेला म्हातारा दारात दिसला की ही साहेबाच्या आधी त्याला खुर्ची देई आणि म्हणे, "बाबा, पाणी प्या. तुमचा कागद कुठं जात नाही, तो माझ्याकडंच आहे." हे कुशाबाईंना घोडेगावच्या बाजारात भलतीच माणसं सांगत. घरी इंद्रायणी कचेरीतलं एकच घेऊन येई, झेरॉक्स बिघडलेले कोरे-पाठकोरे कागद. साहेबाला विचारून. सात कादंबऱ्यांचे पहिले खर्डे तिनं त्या पाठकोऱ्या कागदांवरच लिहिले होते.

गावात तिची थट्टा चाले. "वहिनी, यंदा कुणाला घेताय?" असं पारावरचे लोक विचारत. ती म्हणे, "बांध कोरणाऱ्याला. नावं द्या, चिठ्ठ्या टाकू." मग पुढचे चार दिवस पारावर बांधाचा विषय निघत नसे.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी कुशाबाईंना हे रुचलं नव्हतं. गुरुवार, एकादशी, चतुर्थी धरणारं घर, आणि त्याच घरात पहाटेच्या शुभ वेळेला सून माणसं मारत बसते. पण इंद्रायणी दिवेलागणीनंतर प्रत्येक प्रकरण त्यांना वाचून दाखवू लागली. कुशाबाई लसूण सोलत ऐकत. पुस्तक संपलं, खुनी सापडला, त्याला बेड्या पडल्या. सगळं झालं, पण मेलेल्या माणसाचं काय, हे काही कुशाबाईंच्या मनातून जाईना. अवेळी मेलेलं माणूस. त्याला ना लेक, ना भाऊ. मेलं कुठं? आपल्या घरात, त्या टेबलावर. मग आपल्याच घरचं की.

भाद्रपदात पितरांचा पंधरवडा आला. हत्यारानं, अपघातानं गेलेल्यांची तिथी म्हणजे अमावास्येआधीची चौदस. त्या दिवशी कुशाबाईंनी खीर, वडा, भाताची मूद असा एक घास केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेतला आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं नेऊन ठेवला. कुणाला काही बोलल्या नाहीत. शिकलेल्या सुनेला सांगायचं तरी कसं? दर पुस्तकागणिक घास वाढत गेले. सात पुस्तकं झाली तेव्हा ते अकरा झाले होते. अकराही नावं त्यांना तोंडपाठ होती.

यंदाचं, आठवं पुस्तक मात्र अडलं.

त्यात डोंगरातल्या एका गावी भाताच्या खाचरात एक बाई पालथी पडलेली सापडते. हातात खुरपं, शेजारी पावसात डोक्यावर घ्यायचं पानांचं इरलं. रस्त्याचं काम चाललेलं, त्या मजुरांना स्वयंपाक करून घालणारी ती बाहेरगावची बाई. नाव कुणालाच ठाऊक नाही, सगळे नुसते 'मावशी' म्हणत. ती बांधावरून घसरून पडली की कुणी मारली? इंद्रायणीनं संशयित पाच उभे केले होते, पण एकालाही धरायला तिच्याकडं काही नव्हतं. श्रावणापासून बाई आपली खाचरातच पडून.

पंधरवड्यातल्या एका शुक्रवारी पुण्याहून प्रकाशनातल्या नूतनताईंचा फोन आला. इंद्रायणीनं तो भाकरी थापता थापता स्पीकरवर लावला होता.

"इंद्रायणी, पुढच्या शनिवारपर्यंत शेवट आला नाही तर दिवाळीच्या यादीतून पुस्तक काढावं लागेल गं. मला वाईट वाटतं, पण छापखाना थांबत नाही."

"कळवते, ताई," इंद्रायणी म्हणाली. फोन ठेवला, तव्यावरची भाकरी उलटली आणि तव्याकडंच बघत म्हणाली, "आत्या, मी लिहिणं सोडते."

कुशाबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. "आं?"

"तीन ठिकाणी पाय ठेवून होत नाही. कचेरी सोडली तर घर कसं चालायचं? तळेघरचं चष्म्यांचं काम सोडवत नाही. तिथं बायका चष्म्यासाठी सकाळपासून रस्त्याला येऊन बसतात. माझ्या पुस्तकाची वाट बघत रस्त्याला कोण बसलंय?"

कुशाबाई म्हणाल्या, "आन् ती बाई? ती काय तशीच चिखलात ठेवायची?"

"आत्या, ती नुसती लिहिलेली आहे."

"ते मला म्हाईतीय. पर पडलीय न्हवं?"

इंद्रायणी हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. कुशाबाईंना रात्रभर तेच डोळे दिसत राहिले. आणि चौदस पुढच्या शनिवारीच होती. जिचं नाव नाही, कशानं गेली ते ठरलेलं नाही, तिच्यापुढं घास तरी कुठल्या तोंडानं ठेवायचा?

सकाळी पूजा आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "उद्याच्याला तळेघरला मी जाती. तू घरी बस आन् तिला मोकळी कर."

"तुम्ही? तिथं दिवसभर बसावं लागतं."

"बसायला काय शिक्षान लागतंय? मी काय इमान चालवाया चालली का?"

तळेघरचं काम असं. मंचर, पेठ, अवसरी इथल्या घराघरांतून इंद्रायणी लोकांनी टाकून दिलेले जवळचे चष्मे गोळा करी. मंचरच्या चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेले गेणभाऊ ते धुऊन, नंबर बघून, खोक्यात लावून ठेवत. महिन्यातले दोन रविवार त्यांच्या जुन्या व्हॅनमधून दोघं तळेघरला जात. ज्यांना डोळ्याचा खरा आजार दिसे, त्यांची नावं लिहून घेऊन इंद्रायणी त्यांना पुढं दवाखान्यात न्यायची सोय करी. पहिल्या खेपेला गेणभाऊंनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला होता. बायका तक्त्याकडं बघून लाजून उठून जायला लागल्या. तेव्हा इंद्रायणीनं तक्ता काढला आणि सुपात खडे मिसळलेले तांदूळ घेतले. म्हणाली, "अक्षरं नसतील येत. खडे तर सगळ्यांना ओळखू येतात ना?" तेव्हापासून बाई सुपापुढं बसे, एकेक चष्मा लावून बघे, आणि ज्या चष्म्यानं खडा लख्ख दिसेल तो तिचा.

रविवारी कुशाबाई व्हॅनमध्ये पुढं बसल्या. घोडेगाव गेलं, डिंभ्याचं पाणी लागलं, चढ सुरू झाला. गेणभाऊ म्हणाले, "मावशी, सुनंचा चार्ज घेतलाय जणू. आता पुस्तकबी तुमीच लिवणार?"

"तू गाडी नीट हाक. न्हाईतर पुस्तकात तुलाच घालाया सांगंल."

"नगं, नगं. मला शुगर हाय, मी आपला आपणच मरन."

तळेघरच्या शाळेच्या ओसरीत वीसेक बायका बसल्या होत्या. पुढं सारजाबाई. साठीपुढची, काटक, तोंडाची फटकळ. इंद्रायणी दिसली नाही तशी ती म्हणाली, "बाई कुठंय आमची?"

"घरी हाय. मी सासू तिची."

"आजारी का?"

"न्हाई. अडचणीत हाय." कुशाबाई सूप मांडीवर घेऊन बसल्या. आणि मनात जे दोन दिवस साठलं होतं ते, कुणी विचारलं म्हणून, बाहेर पडलं. "एक बाई खाचरात मेलेली गावलीय. पालथी. हातात खुरपं. कुणी मारली ते समजंना, नावबी कुणाला ठावं न्हाई. त्याच्या मागं लागलीय ती. जेवनात ध्यान न्हाई तिचं."

मग एकदम दहा तोंडं बोलू लागली.

"कंच्या गावाला?"

"आगं बया! कवा?"

"आमाला कसं कळालं न्हाई?"

कुशाबाईंनी तेव्हाच सांगायला हवं होतं की ही बाई कागदावरची आहे. पण सुपापुढं बायका सरकत होत्या, चष्मे बदलत होते, खडे निवडले जात होते, आणि जी ती विचारत होती. त्या सांगत गेल्या. पाच संशयित एकेक करून सांगितले. मजुरांतला दारुडा, रस्त्याचा ठेकेदार, खाचराचा मालक, मालकाची बायको, आणि बाईचा सोडून गेलेला नवरा. नवऱ्याचं नाव निघताच निम्म्या ओसरीनं त्याला तिथंच फाशी दिली.

"न्हाई गं," कुशाबाई म्हणाल्या, "तो तवा मुंबईला व्हता. आन् ठेकेदार म्हनतो, त्यानं सकाळी रस्त्यावरनं बघितली. खुरपायला खाचरात उतरत व्हती म्हनं. भाताच्या लोंब्या वाऱ्यावर डोलत व्हत्या, त्यात तिचं इरलं दिसलं."

सारजाबाई सुपावर वाकली होती. नाकावर जाड काड्यांचा चष्मा. तिनं एक खडा उचलला, चिमटीत धरून उजेडाकडं नेला, आणि तसाच धरून म्हणाली, "परत सांगा. लोंब्या काय करत व्हत्या?"

"डोलत व्हत्या."

"म्हंजे भात निसवल्यालं व्हतं, लोंबी भाईर आल्याली."

"आसंल."

"मग खोटं बोलतोय त्यो." सारजाबाईनं खडा बाहेर भिरकावला. "आमच्यात भात निसवलं की खाचरात कुनी पाय घालत न्हाई. फुलोरा झडतो, दाणा भरत न्हाई. खुरपनी तर कवाच उरकल्याली आस्ती. बाई बाहेरची का असंना, रोज डोंगरात भात शिजिवती तिला कळत न्हाई व्हय? आन् तिला उतरू कोन दील? ज्याचं खाचर त्यो दगड घेऊन पळंल."

"खरंय," मागून कुणी म्हणालं. "आन् रस्त्यावरनं बघून ठेकेदार गप बसला? आपल्याला तर हाका मारतो, रस्त्यात ढोरं आली तर."

"त्यो खालचा हाय ना?" सारजाबाई म्हणाली. "डोंगराखालचा, कांद्या-बटाट्याकडचा. त्याला काय ठावं भात कसं आस्तं. मारली दुसरीकडं, आन् आनून टाकली हिकडं. खुरपं हातात दिलं. इरलं ठिवलं शेजारी. त्याला वाटलं झालं काम."

कुशाबाईंच्या अंगावर काटा आला. ठेकेदारामुळं नव्हे. लोंब्या डोलवणारी आणि बाईला खुरपायला उतरवणारी त्यांचीच सून होती. कांदा-बटाट्याच्या रानातली पोर. तिनं भात ताटातच जास्त पाहिलेला. चूक तिची होती, आणि ती तिला सांगायची होती, तीही ती लिहिणं सोडायला निघालेली असताना.

"नाव काय म्हनायचं तिचं?" सारजाबाईनं विचारलं.

"नाव न्हाई."

"आसं कसं? मानसाला नाव न्हाई? मग आमी काय म्हनून हळहळायचं?"

आता मात्र कुशाबाईंना राहवलं नाही. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बायांनो, माझं चुकलं. ती बाई खरी न्हाई. माझी सून पुस्तकं लिवती, त्यातली हाय."

गेणभाऊंनी चष्म्याचं खोकं उगाच उघडून बंद केलं. सारजाबाई चष्म्यावरून कुशाबाईंकडं बघत राहिली.

"लिवल्याली का असंना," ती शेवटी म्हणाली, "मेली न्हवं?"

"मेली."

"तिच्या मागं कोन हाय?"

"कुनी न्हाई."

"मग? नाव तर पायजेच."

त्यावर अर्धा तास वाद झाला. एकीनं जया सुचवलं, तर जयाची आई ओसरीतच बसलेली, ती भांडायला उठली. जित्या बाईचं नाव मेलीला द्यायचं नाही, हे सगळ्यांनाच पटलं. असलेल्या-नसलेल्या नावांची वजाबाकी होता होता एक नाव उरलं, ते तळेघरच्या तिन्ही वस्त्यांत आता कुणाचंच नव्हतं. ठकूबाई.

संध्याकाळी कुशाबाई घरी आल्या तेव्हा इंद्रायणी टेबलाशी होती. समोर एकच कागद, त्यावर पाच नावं आणि पाचांवरही काट. "कसं झालं, आत्या?"

"एकोनीस चष्मे गेले. दोघी दवाखान्याला न्यायच्यात, नावं गेणभाऊनं लिवलीत." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "इंद्रा, रागावू नगंस."

आणि सगळं सांगितलं. ओसरीत गोष्ट फोडली तेही, लोंब्यांचंही.

इंद्रायणीनं ऐकून घेतलं. तिनं पहिल्या प्रकरणाचे कागद काढले, तेवढं एक वाक्य शोधलं आणि त्यावर बोट ठेवून बसून राहिली. "हे वाक्य मला फार आवडलं होतं," ती म्हणाली. "सहा वेळा लिहिलं होतं मी ते. आणि मुळातच खोटं."

कुशाबाईंना वाटलं, संपलं. आता ही वही मिटणार.

इंद्रायणी उठली. स्वयंपाकघरात गेली. कुशाबाईंनी पाठीमागून पातेल्याचा आवाज ऐकला, गॅस पेटल्याचा ऐकला. सून ओट्याला टेकून उभी राहिली आणि काही न बोलता एक कप चहा प्याली. मग तिनं दुसरा ओतला.

"कोण गेलं गं?" कुशाबाईंनी विचारलं.

"कुणी नाही गेलं, आत्या. सापडला." इंद्रायणीचे डोळे आता चेहऱ्याच्या आधी हसत होते. "वाक्य काढायचंच नाही. चूक माझी नाहीच, ठेकेदाराची आहे. तोच म्हणतो ना ती खुरपायला उतरली म्हणून? सगळे पोलीस खालचे, सगळ्यांना पटतं. आणि शेवटी वस्तीतली एक म्हातारी जबाब द्यायला येते आणि विचारते, लोंब्या काय करत होत्या?"

त्या आठवड्यात इंद्रायणी चारऐवजी तीनला उठू लागली. कचेरी एकही दिवस बुडवली नाही. गुरुवारी ज्या दोघींना दवाखान्यात न्यायचं होतं, त्यांना घोडेगावच्या बसथांब्यावरून जेवणाच्या सुट्टीत स्वतः नेऊन पोचवून आली. स्कूटीवर डोकं मोकळं असतं म्हणून बरं, असं ती म्हणे. ठेकेदाराचा कबुलीजबाब तिनं सगळा घोडेगावच्या रस्त्यावर मनात लिहिला. कुशाबाईंनी तिच्या वाट्याची भाकरी, धुणं, गोठा आपल्याकडं घेतला आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांना वाटे, देवानं हिला हात दोनच दिलेत आणि कामं मात्र सहा हातांची. आणि ही एकाही कामाला सावत्रपणानं वागवत नाही.

शनिवारी सकाळी सातला पुस्तक पुण्याला गेलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरनं कसलासा आवाज केला आणि झालं.

नऊ वाजता कुशाबाई ताट घेऊन गच्चीवर चढल्या. टाकीमागं पानाचे तुकडे ओळीनं मांडले. मागं पावलं वाजली. सुट्टीचा दिवस, इंद्रायणी ओले केस पुसत वर आली होती.

"आत्या, हे बारा कुणाचे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कुशाबाईंनी एकेका घासाकडं बोट करत नावं घेतली. "ह्यो पोल्ट्रीवाल्याचा मेहुना. ही धर्मशाळेतली मास्तरीन. ह्यो वाघमारे ड्रायव्हर. ह्यो रखमाजी, गुरवाचा."

"रखमाजी कोण?"

"आगं तिसऱ्या पुस्तकातला! विहिरीपाशी मारलास न्हवं त्याला, उगाच, त्यानं काय बघितलंबी नव्हतं तरी."

इंद्रायणी खाली बसली. तिच्या स्वतःच्या ध्यानात तो राहिला नव्हता. दोन पानांपुरतं माणूस, गोष्ट पुढं सरकावी म्हणून मारलेलं. तिनं रखमाजीच्या घासासमोर हात जोडले.

कावळे आले. एकेक घास उचलला गेला. बारावा मात्र तसाच. कुशाबाईंनी "काव, काव" करून हाका घातल्या. कावळा कठड्यावर बसला, घासाकडं बघितलं, मान वाकडी केली आणि उडून गेला.

"ठकूबाईचं कायतरी राहिलंय," कुशाबाई कासावीस झाल्या. "पुस्तक धाडलंस न्हवं? बेडी पडली न्हवं त्याला?"

"पडली, आत्या."

इतक्यात इंद्रायणीच्या हातातला फोन वाजला. तिनं स्पीकर लावला. पलीकडं वारा होता, आणि वाऱ्यात सारजाबाईचा आवाज. फोन कुणाचा तरी मागून आणलेला, रेंजसाठी टेकडीवर चढलेली.

"बाई? ऐकू येतंय का? आज चौदस, आमी ठकूबाईला घास ठिवला बगा. तिला कुनी न्हाई म्हनली तुमची सासू. कावळा लगेच शिवला! पोटभर जेवली ती हितं."

कुशाबाईंनी कपाळाला हात लावला. "बघ! दोनदा कुठनं जेवंल?"

"आन् बाई," सारजाबाई ओरडून विचारत होती, "त्याला धरला का न्हाई? समद्या बाया इचारत्यात. हितं टेकडीवर आठजनी हायेत माझ्यासंगं. ठेकेदारच ना?"

"आठजणी," इंद्रायणी स्वतःशीच म्हणाली. तिनं फोन सासूच्या हातात दिला. कुशाबाईंनी तो तोंडापुढं आडवा धरला.

"धरला!" त्या म्हणाल्या. "पर कसा धरला ते आत्ता सांगायचं न्हाई. फुडच्या रविवारी आमी दोघी येतो. सूप तयार ठिवा."

फोन बंद झाल्यावर त्यांनी उरलेला घास गायीसाठी उचलून घेतला आणि ताट सावरत जिन्याकडं निघाल्या. मागून इंद्रायणीनं विचारलं, "आत्या, पुढच्या पुस्तकात मी विचार करतेय की एका दिंडीतल्या..."

"जरा बेतानं मार गं," कुशाबाई पायरीवरून वळून म्हणाल्या. "इतकी पानं घिऊन आता मला जिना चढवत न्हाई."